कडू कवठाची बाटली

गेल्या मे महिन्यात बाबा मालवणजवळ गावी होते. पायाची साधी जखम, पण महिना झाला तरी भरेना. कल्चरचा रिपोर्ट आला : एमआरएसए. सिप्रोफ्लॉक्सासिनसकट बहुतेक औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. दोन-तीन महागड्या औषधांपुढे तेवढा 'एस'.

काकूने फडताळातून एक चिकट बाटली काढली. "कडू कवठाचा तेल. पूर्वी खरजेक लावीत. आता टूब गावता मां!"

मी सरळ नाही म्हटलं. उघड्या जखमेवर असलं काही नकोच, हे माझं मत आजही तसंच आहे. पण शनिवारी लॅपटॉप उघडला आणि त्या तेलामागे लागलो तो लागलोच.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, 13व्या अध्यायात 'तुवरक' नावाचं झाड आहे. पत्ता काय, तर पश्चिम समुद्राचा किनारा, लाटांवरच्या वाऱ्याने जिथे पालवी हलते तिथे. फळं पिकलेली, पावसाच्या तोंडावर घ्यायची. जीपीएस नसताना एवढा पत्ता म्हणजे कमालच! तुवरक म्हणजे आपलं कडू कवठ, असं मानतात. त्याचं तेल कुष्ठावर सांगितलंय (अर्थात तेव्हाच्या 'कुष्ठा'त त्वचेचे बरेच रोग मोडायचे).

1854 मध्ये फ्रेडरिक मौआट या कलकत्त्यातल्या इंग्रज डॉक्टरने कडू कवठाच्या भावकीतल्या चालमोगऱ्याबद्दल लिहिलं आणि हे तेल जगभर गेलं. प्यायलं तर उलटी, टोचलं तर गाठी. 1915च्या सुमारास हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने ते टोचण्याजोगं केलं. 1916 मध्ये, 24व्या वर्षी ती गेली, आणि श्रेय बरीच वर्षं तिच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी घेतलं. असो. 1940च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं. मग 1960च्या दशकात डॅप्सोनलाही न जुमानणारे कुष्ठजंतू सापडले. म्हणून 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधं एकत्र द्यायला सांगितलं.

मला खरी गंमत पुढे सापडली.

1973 मध्ये दिल्लीत टी. आर. शेषाद्री आणि सहकाऱ्याने कडू कवठाच्या बियांतून 'हिडनोकार्पिन' वेगळं काढलं. हे नाव झाडाच्याच लॅटिन नावावरून. 2000 साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांचा गट दारुहळदीच्या जातभाईंवर काम करत होता. त्यांच्यातलं बर्बेरिन जंतू मारतं, पण फारच मिळमिळीत. कारण स्टॅफिलोकॉकसच्या आवरणात 'नॉरए' नावाचा पंप असतो. आत शिरलेलं बर्बेरिन तो बाहेर फेकतो, नॉरफ्लॉक्सासिनही तसंच. त्याच झाडांत त्यांना हिडनोकार्पिनचा भाऊ सापडला, '5-प्राइम मेथॉक्सीहिडनोकार्पिन'. हा चालमोगऱ्याच्या तेलातही थोडासा असतो. गडी एकटा एकही जंतू मारत नाही. फक्त पंप बंद पाडतो, की बर्बेरिन आत साचतं आणि काम करतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर झाड दोन मॉड्यूल पाठवतं. आपण शुद्ध औषध म्हणून एकच उचलतो आणि 'वर्क होत नाही' म्हणून बग टाकतो!

आता पाणी ओततो. हे सगळं परीक्षानळीतलं. एमआरएसएमधला 'एम'चा रेझिस्टन्स पंपामुळे नसतोच, तो वेगळ्या प्रथिनामुळे. आणि पंप बंद पाडणारं एकही औषध अजून अँटिबायोटिकच्या जोडीला दवाखान्यात पोचलेलं नाही. परीक्षानळीत चालतं ते रक्तात टिकेल, माणसाला सोसेल, असं नसतं. पण 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली. अशा वेळी नवा मारेकरी शोधण्याइतकंच जुन्या मारेकऱ्याला आत शिरू देणारा साथीदार शोधणंही मला महत्त्वाचं वाटतं.

बाबांना शेवटी लिनेझोलिड लागू पडलं, जखम भरली. काकूचा फोन आला, "तेल लावलंस मां?" मी म्हटलं, "नाय गे, पण वाचलंय." बाटली माझ्या फ्रीजवर आहे.