दक्षिण देशाचें स्थैर्य आणि भूकंपाच्या जुन्या नोंदी

दक्षिण देशाची भूमि अचल आहे. काळ्या पाषाणावर वसलेल्या आपल्या गांवांस भूकंपाचें भय नाहीं, असा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दृढ होता. जुन्या कागदांत भूकंपाचे उल्लेख विरळ आढळतात, हा त्याचा एक मोठा आधार. तो किती लटका आहे, आणि या कामीं हस्तलिखितांच्या संग्राहकांकडे कोणतें कर्तव्य येतें, एवढेंच येथें दाखविण्याचें योजिलें आहे.

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगर हादरलें आणि सुमारें दोनशें माणसें दगावलीं. भूकंपाचें मान ६·३ होतें. तेथील जलाशय १९६२ पासून भरूं लागला होता. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरणारें पाणी यांच्याशीं अभ्यासकांनीं त्या भूकंपाचा संबंध जोडला. त्यामुळें ही घटना अपवाद म्हणून बाजूस ठेवणें सोपें झालें. परंतु ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें निजलीं असतां, किल्लारी व आसपासचा मुलूख उद्ध्वस्त होऊन दहा हजारांच्या जवळपास माणसें मेलीं. तेथें कोयनेसारखें मोठें धरण नव्हतें. आणि तत्कालीन भूकंप-नकाशांत तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत दाखविलेला होता.

याचें कारण भूगर्भांत आहे. दक्षिणेचा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्हारसाचे थर. त्यांखालीं अतिप्राचीन खडक असून त्यांत जुने प्रस्तरभंग आहेत. भारताचें भूखंड वर्षास कांहीं सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत असतें. त्याचा ताण या भंगांवर हळूहळू सांचतो आणि एखादे वेळीं तेथील खडक एकदम सरकतो. हिमालयाच्या पायथ्याशीं ही क्रिया वारंवार घडते; येथें दोन धक्क्यांमध्यें हजारों वर्षेंही जाऊं शकतात. प्राचीन तगर म्हणजेच तेर येथें केलेल्या भूशास्त्रीय तपासणींत सुमारें पंधराशें वर्षांपूर्वींच्या भूकंपाच्या खुणा दिसल्याचें अभ्यासकांनीं १९९९ सालीं मांडलें. आपलीं मराठी दप्तरें बहुतेक तीन-चारशें वर्षांपलीकडे जात नाहींत. सारांश, दप्तरांचें मौन हा भूमीच्या स्थैर्याचा पुरावा नव्हे.

मग जे थोडे उल्लेख मिळतात त्यांचें मोल अधिकच होय. मात्र ते पारखून घेतले पाहिजेत. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपास स्वतंत्र अध्याय दिला आहे. पाण्यांतील महाप्राणी, दिग्गजांचा श्रम, वायूंचा संघर्ष, लोकांचें अदृष्ट अशीं मतें सांगून त्यानें नक्षत्रांवरून वायु, अग्नि, इंद्र व वरुण अशीं चार मंडलें कल्पिलीं आहेत. तिसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशीं, पक्षानें किंवा मासानें पुन्हां कंप झाल्यास मुख्य राजाचा नाश होतो, असेंही तो म्हणतो. फल सोडून द्यावें. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात, हें निरीक्षण या वचनाच्या मुळाशीं असावें असें आम्हांस वाटतें. उलट बाजूनें, भूकंप हा उत्पात मानल्यामुळें एखाद्या राजाच्या मृत्यूजवळ तो ओढून आणण्याचा मोह लेखकास होतो. अशा नोंदीस दुसरा स्वतंत्र आधार मिळेपर्यंत ती संशयित समजावी.

कालगणनेंतही सावधगिरी पाहिजे. आपला वार सूर्योदयास बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीं. किल्लारीचा धक्का इंग्रजी गणनेनें गुरुवारचा; जुना कारकून तो बुधवारच्या रात्रींचा लिहिता. हें ध्यानांत न घेतल्यास एका भूकंपाचे दोन होतात. तसेंच, ता. २६ मे १६१८ चा मुंबईचा भूकंप अनेक सूचींत येतो. पण त्याबरोबर गलबतें बुडाल्याचेंही सांगतात, आणि मूळ घटना समुद्रावरील वादळाची असावी असें अलीकडील अभ्यासकांचें मत आहे.

आम्ही ज्या अंबड गांवीं हें लिहीत आहों, तेथून पांडवलेणीं जवळच आहेत. लेणीं दोन हजार वर्षें उभीं आहेत म्हणून नाशिक निर्भय, असा युक्तिवाद ऐकूं येतो. पण लेणें हें डोंगराचेंच अंग. त्याच्या टिकण्यावरून रचलेल्या भिंतीची शाश्वति मिळत नाहीं. २००२ च्या भारतीय मानकानें नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागांत घातलें. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर-डहाणू भागांत लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, ता. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं पहाटे नाशिकच्या पश्चिमेस सुमारें ८९ किलोमीटरांवर ३·६ मानाचा धक्का नोंदला गेला.

किल्लारीस माणसें मेलीं तीं मुख्यतः घरांखालीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या दोन्ही अंगांस सांधणारे आरपार दगड नव्हते. माथ्यावर मातीच्या धाब्याचा भार होता. आपले पुष्कळसे जुने वाडे, आणि त्यांतील दप्तरें, अशाच मातीच्या सांध्यांवर उभीं आहेत. भिंतींत आरपार दगड घालणें, दारांखिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींभोवतीं सलोह काँक्रीटचा पट्टा फिरविणें, धाब्यावरील जादा माती उतरविणें, कपाटें भिंतीस जखडणें व जड बस्तें खालच्या फळीवर ठेवणें, हे उपाय जाणत्या स्थापत्यकाराच्या सल्ल्यानें करण्याजोगे आहेत.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, पंचांगाच्या समासांत, कीर्दींत अथवा पोथीच्या शेवटीं भूकंपाचें एखादें वाक्य आढळल्यास तें किरकोळ म्हणून सोडूं नये. शक, तिथि, वार, घटका, स्थळ, कोणती भिंत पडली, विहिरीचें पाणी कसें झालें, हें मूळ शब्दांत जसेंच्या तसें उतरून प्रसिद्ध करावें. अशा दहा ओळी एकत्र आल्या तर पुढच्या नकाशाकारास एखादा विभाग निर्धास्तपणें कोरा सोडतां येणार नाहीं.