चाकातील बेअरिंग आणि मधला स्पेसर

मोटारसायकलच्या चाकाचे बेअरिंग नवे बसविले, तरी थोड्याच दिवसांत ते पुन्हा आवाज करू लागले, अशी तक्रार अनेक वाहनधारक करतात. दोष बहुधा बेअरिंगच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात कारण अनेकदा वेगळेच असते. दोन बेअरिंगच्या मध्ये बसणारी आणि चाक उघडल्याशिवाय कधीही नजरेस न पडणारी पोलादी नळी, म्हणजे स्पेसर, चुकीच्या लांबीचा असतो, झिजलेला असतो किंवा जोडणीच्या वेळी घालायचाच राहून गेलेला असतो.

स्पेसरचे कार्य

चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग असते. बेअरिंगचे बाहेरचे कडे हबमध्ये घट्ट बसते आणि चाकाबरोबर फिरते. आतील कड्यांमधून एक्सल जातो. तो फिरत नाही. एक्सलचा नट आवळला, की त्याचा दाब बाहेरच्या कॉलरवरून पहिल्या आतील कड्यावर, तेथून स्पेसरवर, मग दुसऱ्या आतील कड्यावर आणि अखेरीस दुसऱ्या बाजूच्या कॉलरमार्गे फोर्कवर किंवा स्विंगआर्मवर जातो. ही सारी मालिका एकजीव, स्थिर खांबासारखी उभी राहते. नटाचा प्रचंड ताण स्पेसर सोसतो, म्हणूनच बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा भार येत नाही.

स्पेसर आखूड असेल किंवा नसेलच, तर ही साखळी तुटते. बाहेरची कडी हबमधील खाचेला टेकून जागेवर राहतात. आतील कडी मात्र नटाच्या ताणाने एकमेकांकडे ओढली जातात. गोळ्या घळीच्या मध्यावर न धावता तिच्या कडेवर घासू लागतात. बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन निघून जाते आणि गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात.

अशा वेळी नट पूर्ण आवळताच चाक जड फिरते. ते मोकळे व्हावे म्हणून नट थोडा सैल ठेवण्याची क्लृप्ती काही ठिकाणी केली जाते. ती अत्यंत धोकादायक आहे. सैल एक्सलमुळे चाक डगमगते आणि नट निघून पडण्याचीही शक्यता असते. नट आवळल्यावर चाक अडकत असेल, तर चूक नटाची नसून आतील जोडणीची आहे, हे ओळखले पाहिजे.

कोठे घट्ट, कोठे सैल

भाराच्या तुलनेत जे कडे फिरते, ते घट्ट बसवावे, असा बेअरिंगच्या बैठकीचा मूळ नियम आहे. मोटारसायकलच्या चाकात बाहेरचे कडे फिरते; त्यामुळे हबचे छिद्र बेअरिंगपेक्षा मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांनी लहान असते. एक्सल मात्र आतील कड्यातून हाताने सरकला पाहिजे.

हबचे छिद्र झिजले, की बाहेरचे कडे जागेवरच घसरू लागते आणि अॅल्युमिनियम आणखी खाल्ले जाते. छिद्राच्या भिंतीवर पंचाने ठोके मारून बेअरिंग अडकविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उठलेली टोके लवकरच दबतात आणि बेअरिंग तिरपे राहण्याचा धोका असतो. लेथवर छिद्र मोठे करून त्यात स्लीव्ह बसविणे किंवा हब बदलणे हाच खरा इलाज.

बसविण्याची पद्धत

हब सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केल्यास काम सोपे होते. तापमान ८० अंशांनी वाढले, तर अॅल्युमिनियममधील ४२ मिलिमीटरचे छिद्र सुमारे ०.०८ मिलिमीटरने मोठे होते. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूचे बेअरिंग प्रथम खाचेला टेकेपर्यंत बसवावे. नंतर स्पेसर घालावा. दुसरे बेअरिंग त्याचे आतील कडे स्पेसरला जेमतेम टेकेल तेथवरच न्यावे. अनेक हबमध्ये स्पेसर दोन खाचांमधील अंतरापेक्षा किंचित लांब असतो. त्यामुळे या बाजूला बाहेरच्या कड्यामागे अल्पशी फट राहिली, तर ती दोष मानू नये. ती बुजविण्यासाठी पुढे ठोकत राहिल्यास आडवा भार पुन्हा गोळ्यांवरच येतो.

ठोकताना दाब केवळ बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतील कड्यावर ठोकल्यास तो आघात गोळ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या घळीत खळगे पडतात. काम झाल्यावर एक्सल घालण्यापूर्वी बोटाने स्पेसर बाजूला सरकवून पाहावा. तो थोड्या जोराने हलला पाहिजे; खुळखुळता कामा नये. एक्सलचा नट पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे आवळल्यावरही चाक हलकेच फिरले पाहिजे.

मागच्या चाकात स्प्रॉकेटच्या वाहकाला अनेकदा तिसरे, स्वतंत्र बेअरिंग असते. त्याचा वेगळा स्पेसर विसरला जाण्याचे प्रमाण मोठे आहे. हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मोटारसायकलींतील टेपर रोलर बेअरिंगना हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. तेथे स्पेसर आणि पातळ चकत्या यांच्या साहाय्याने ठरावीक खेळ मुद्दाम राखला जातो.

खरेदी आणि तपासणी

बेअरिंगवरील क्रमांक पूर्ण वाचावा. ६२०२ आणि ६३०२ या दोहोंचे आतील छिद्र १५ मिलिमीटरचेच असते. पण बाहेरचा व्यास अनुक्रमे ३५ व ४२ मिलिमीटर आणि रुंदी ११ व १३ मिलिमीटर असते. क्रमांकापुढील ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पावसाळी रस्त्यांसाठी तेच योग्य.

जुना स्पेसर फेकून देण्यापूर्वी व्हर्निअरने मोजावा. त्याची टोके काटकोनात व सपाट असावीत. टोक दबलेले किंवा गंजून झिजलेले असल्यास कानशीने घासू नये वा वॉशर घालून वेळ मारून नेऊ नये. त्याच गाडीसाठीचा नवा स्पेसर घ्यावा. चाक वर-खाली धरून हलविल्यास खेळ जाणवणे, वेगाबरोबर वाढणारी घरघर आणि हबपाशी येणारी उष्णता ही बेअरिंग बिघडल्याची लक्षणे होत. ती दिसताच बेअरिंग तर बदलावेच, पण आधी स्पेसर मोजावा.