वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालयाचे आधुनिकीकरण

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालयाचे आधुनिकीकरण हा मुंबईतील भायखळा येथील 'राणीबाग' या नावाने परिचित असलेल्या प्राणिसंग्रहालयात नवी प्राणिप्रदर्शने उभारण्याचा बृहन्मुंबई महानगरपालिकेचा प्रकल्प आहे. जुन्या पिंजऱ्यांच्या जागी नैसर्गिक अधिवासाशी मिळतीजुळती निवासस्थाने बांधणे हा त्याचा मुख्य हेतू आहे. झाडांचे रक्षण, हम्बोल्ट पेंग्विनांवरील खर्च आणि प्रवेशशुल्कातील वाढ या मुद्द्यांवरून प्रकल्पाविषयी दीर्घकाळ वाद झाला.

पार्श्वभूमी

हे उद्यान १८६२ साली 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावाने खुले झाले. आरंभी ते वनस्पतिउद्यान होते. प्राणिसंग्रहालयाची भर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली. सुमारे ५० एकरांच्या परिसरात उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच यांसह अनेक दुर्मीळ वृक्ष आहेत. भाऊ दाजी लाड संग्रहालयही याच परिसरात आहे. प्राण्यांसाठी बांधलेले जुने पिंजरे अरुंद, गजांचे आणि सिमेंटच्या जमिनीचे होते. पुढे काळानुरूप बदललेल्या निकषांत ते बसेनासे झाले.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. प्राणिसंग्रहालयाचा बृहत् आराखडा प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. निवासस्थानांचे किमान आकारमान, पशुवैद्यकीय सुविधा आणि विलगीकरणाची व्यवस्था यांचे निकषही ठरलेले आहेत. संरक्षित प्राण्यांच्या देवाणघेवाणीसाठीही पूर्वपरवानगी लागते.

राणीबागेच्या बाबतीत याखेरीज दोन बंधने होती. परिसर वारसास्थळ म्हणून सूचीबद्ध असल्याने बांधकामासाठी वारसा समितीची संमती आवश्यक होती आणि वृक्षतोडीसाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागणार होती.

मूळ आराखडा व वृक्षांचा प्रश्न

२००७ च्या सुमारास महापालिकेने परदेशी सल्लागाराकडून आराखडा तयार करून घेतला. त्याचा अंदाजित खर्च ४३३ कोटी रुपये होता. या आराखड्यामुळे मुंबईतील एका जुन्या वनस्पतिउद्यानाचे स्वरूप नष्ट होईल, असा आक्षेप नागरिकांनी घेतला आणि राणीबागेच्या बचावासाठी समिती स्थापन केली. सर्वसामान्यांना अत्यल्प शुल्कात उपलब्ध असलेली मोकळी जागा महागड्या करमणूक केंद्रात रूपांतरित होईल, हाही त्यांचा मुद्दा होता. वारसा समितीनेही मूळ आराखड्यास अनुकूलता दर्शविली नाही. परिणामी प्रकल्पाचा आवाका कमी करण्यात आला आणि सुधारित आराखडा टप्प्याटप्प्याने राबविण्याचे ठरले.

पेंग्विन कक्ष

पहिल्या टप्प्यातील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रदर्शन हम्बोल्ट पेंग्विनांचे होते. हा पक्षी पेरू व चिलीच्या किनाऱ्यावर आढळतो. तो हिमप्रदेशातील नसला, तरी मुंबईच्या उष्ण व दमट हवेत त्याला वातानुकूलित कक्षातच ठेवावे लागते. कक्षाचे तापमान सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस राखले जाते आणि तलावाचे पाणी सतत गाळून थंड केले जाते.

२६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातील सेऊल येथून आठ पेंग्विन आणण्यात आले. मुख्य कक्ष तोपर्यंत पूर्ण झालेला नसल्याने त्यांना विलगीकरण कक्षात ठेवण्यात आले. तेथेच २३ ऑक्टोबर २०१६ रोजी एका मादीचा मृत्यू झाला. त्यानंतर पूर्वतयारी, कंत्राटाची प्रक्रिया आणि खर्चाचे औचित्य यांविषयी महापालिकेवर टीका झाली. मार्च २०१७ मध्ये कक्ष प्रेक्षकांसाठी खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी येथे जन्मलेले पिल्लू भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन मानले जाते. ते सुमारे आठवडाभरच जगले. २०२१ मध्ये जन्मलेली पिल्ले मात्र जगली.

निधी व प्रवेशशुल्क

प्रकल्पाचा खर्च मुख्यतः महापालिकेच्या अर्थसंकल्पातून होतो. त्याचे दोन भाग पडतात. बांधकामाचा भांडवली खर्च एकदाच होतो. वीज, आहार, पशुवैद्यकीय सेवा, पाण्याचे शुद्धीकरण आणि यंत्रसामग्रीची देखभाल यांवरील आवर्ती खर्च मात्र प्राणी आहेत तोपर्यंत चालू राहतो. पेंग्विन कक्षात हा फरक ठळकपणे दिसतो, कारण तेथील शीतकरण यंत्रणा काही काळही बंद ठेवता येत नाही. २०२१ मध्ये या कक्षाच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटी रुपयांची निविदा निघाली, तेव्हा विरोधी पक्षांनी तीव्र आक्षेप घेतला.

१ ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये करण्यात आले. आईवडील व दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्रित तिकीट ठेवण्यात आले. शुल्कवाढीमुळे उत्पन्न वाढले. तथापि, भायखळा, लालबाग, परळ यांसारख्या गिरणगावातील वस्त्यांना ही बाग पिढ्यान्‌पिढ्या परवडणारे सहलीचे ठिकाण होती. त्यामुळे सार्वजनिक उद्यानातील प्राणिप्रदर्शनाचा भार प्रेक्षकाने किती आणि करदात्याने किती उचलावा, हा प्रश्न या निमित्ताने पुढे आला.

नंतरची प्रदर्शने

पुढील टप्प्यांत वाघ, बिबट्या, तरस, अस्वल इत्यादी प्राण्यांसाठी काचेच्या दर्शनी भिंती असलेली निवासस्थाने आणि प्रेक्षकांना आत फिरता येईल असा मुक्त पक्षीविहार उभारण्यात आला. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी आणली गेली. अशी देवाणघेवाण परदेशी खरेदीपेक्षा कमी खर्चाची असते आणि स्थानिक हवामानाला सरावलेले प्राणी मिळत असल्याने वातानुकूलित कक्षाची गरज पडत नाही.

हे सुद्धा पहा

भाऊ दाजी लाड संग्रहालय
केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण
हम्बोल्ट पेंग्विन