न मोजलेल्या शंभर माणसांची सारणी

वर्गीकृत वारंवारता वितरण सारणी का करायची, याचे शाळेत दिले जाणारे उत्तर सरळ असते: निरीक्षणे फार असली की प्रत्येक किंमत वेगळी लिहिणे अवघड जाते, म्हणून ०–१०, १०–२० असे वर्ग पाडायचे, ताळ्याच्या खुणा करायच्या आणि वारंवारता लिहायची. या सांगण्यात आधी माहितीचा ढीग येतो आणि मग वर्ग. या सारणीची कुळकथा मात्र नेमकी उलट दिशेने जाते. वर्ग, वारंवारता आणि संचित वारंवारता ही तिन्ही अंगे ज्या सर्वांत जुन्या प्रसिद्ध सारणीत एकत्र दिसतात ती १६६२ सालची, आणि त्या सारणीतल्या एकाही माणसाचे वय कोणी मोजलेले नव्हते. वर्गांतराचा जन्म माहितीच्या सुकाळातून झालेला नाही, दुष्काळातून झाला, असे माझे म्हणणे आहे.

ही सारणी लंडनच्या जॉन ग्राँटची. कापडधंद्यात वाढलेल्या या दुकानदाराने शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक पत्रकांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. पत्रकांत मृत्यूचे कारण असे. वयाची नोंद मात्र त्यांत १७२८ पासून सुरू झाली. वय ठाऊक नसताना वयोगटांची सारणी कशी करायची? ग्राँटने कारणांनाच वयाची साक्षीदार केले. वीस वर्षांतल्या २,२९,२५० मृत्यूंपैकी ७१,१२४ मृत्यू आकडी, मुडदूस, दात येणे अशा, चार-पाच वर्षांखालच्या मुलांनाच होणाऱ्या कारणांचे होते. देवी, गोवर, जंत यांचे १२,२१० मृत्यू. त्यांतले निम्मे त्याने मुलांचे धरले. प्लेगचे सुमारे १६,००० मृत्यू एकूण संख्येतून वगळले. उरलेल्यांत मुलांचा वाटा शेकडा ३६ निघाला. म्हणून पहिली ओळ अशी: शंभर जिवांपैकी ३६ सहा वर्षांच्या आत जातात. पुढच्या दर दहा वर्षांच्या वर्गात त्याने २४, १५, ९, ६, ४, ३, २ आणि १ मृत्यू लिहिले. बेरीज बरोबर १००. शेजारी प्रत्येक वयाला उरणाऱ्यांची संख्याही दिली: ६४, ४०, २५, १६, १०, ६, ३, १ आणि शेवटी ०. आजचा विद्यार्थी तिला ‘पेक्षा जास्त’ प्रकारची संचित वारंवारता म्हणेल.

३६ या आकड्यामागे निदान नोंदी आहेत. २४, १५, ९ कुठून आले? वादाची खरी जागा ही. ग्राँट सांगतो की सहाव्या वर्षी उरलेले ६४ आणि शहात्तर ओलांडणारा १ यांच्यामध्ये त्याने सहा प्रमाणपदे शोधली. हे शब्दशः घेऊन गणित केले तर जमत नाही. ६४ पासून सात पायऱ्यांत १ पर्यंत सारख्या गुणोत्तराने उतरायचे तर गुणोत्तर साधारण ०.५५ येते आणि ६४ नंतर ४० ऐवजी ३५ यायला हवेत. त्याचे आकडे दुसऱ्याच गुणोत्तराला जुळतात, आणि अभ्यासकांनी ते दाखवले आहे: पाच-अष्टमांश. ६४ चे पाच-अष्टमांश ४०, चाळीसचे २५, पंचवीसचे १५.६ म्हणजे १६, सोळाचे १०, दहाचे ६.२५ म्हणजे ६. पुढे ३.७५ चे त्याने ३ केले आणि १.९ चा १, म्हणजे अपूर्णांक सोडून दिला. हेच गुणोत्तर का, याचे माझे उत्तर त्याच्या धंद्यात आहे. इंग्रज कापडवाले वाराचे भाग अर्धा, पाव, अर्धपाव असे निम्मे-निम्मे करत. पाच-अष्टमांश म्हणजे अर्धा अधिक अर्धपाव. आपले गणित दुकानातले आहे, असे ग्राँटनेच लिहून ठेवले आहे.

या तर्कावर पहिला आक्षेप कर्तृत्वाचा. पुस्तकाचे, निदान या सारणीचे, श्रेय ग्राँटचा मित्र विल्यम पेटी याला देणारे पहिल्यापासून आहेत. कापडाच्या मापाचा पुरावा तो वाद मिटवत नाही, कारण पेटीचे वडीलही कापडाच्याच धंद्यात होते. पण रोगांच्या यादीतून वय काढण्याची चिकाटी आणि पानोपानी पत्रकांवर घेतलेल्या शंका यांचा सूर एकच आहे. सारणी त्या सुरातून वेगळी काढता येत नाही. मी ग्राँटच्याच बाजूने उभा राहीन.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वयाचे वर्ग तर रोमन कायदेपंडित उल्पियनने तिसऱ्या शतकातच पाडले होते. मृत्युपत्राने दिलेल्या तहहयात वर्षासनाचे मोल ठरवण्यासाठी त्याने वय २० ते २५ ला २८ वर्षे, २५ ते ३० ला २५, ३० ते ३५ ला २२ असे कोष्टक दिले आणि ते जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात टिकले. मग मूळपुरुष तो का नाही? कारण त्याच्या वर्गांसमोर माणसे नाहीत, वर्षे आहेत. कोणत्या वर्गात किती जण, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. त्या स्तंभांची बेरीज केली तर तिला काही अर्थ उरत नाही. ग्राँटच्या स्तंभाची बेरीज म्हणजे सगळी शंभर माणसे. हाडावर खाचा पाडणाऱ्या आदिमानवाचा दावाही उलट बाजूने असाच अपुरा पडतो: तिथे मोजणी आहे, वर्ग नाहीत.

ग्राँटच्या सारणीत पुढचा सगळा धडा दडला होता हे १६६९ मध्ये दिसले. लोडेवाइक हायगेन्सने तिच्यावरून सरासरी आयुष्य काढले. सहा वर्षांच्या आत गेलेल्या ३६ जणांना त्याने ३ वर्षे दिली, पुढच्या २४ जणांना ११, मग १५ जणांना २१, असे शेवटपर्यंत. गुणाकारांची बेरीज १,८२२; शंभराने भागून १८ वर्षे आणि वर अडीच महिन्यांच्या आसपास. दहावीच्या पुस्तकात वर्गमध्य घेऊन मध्य काढण्याची जी प्रत्यक्ष पद्धत आहे ती हीच. भाऊ ख्रिस्तियानने त्याच आकड्यांवरून वक्र काढला आणि सांगितले की सरासरी आयुष्य वेगळे आणि निम्मे लोक जिथवर पोचतात ते वय वेगळे. आजच्या मध्यकाच्या सूत्राने ते ६ + (१४ ÷ २४) × १०, म्हणजे ११.८ वर्षे येते.

पुढचे टप्पे परिचित आहेत. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने ब्रेस्लाऊ शहराच्या, वय नोंदलेल्या मृत्यूंवरून सारणी केली. केटलेने स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे मांडली. कार्ल पीअर्सनने आयतालेखाला इंग्रजी नाव दिले. नोंदी वाढत गेल्या आणि वर्ग म्हणजे काटकसरीची सोय, असे वाटू लागले.

पण मोजणीच नसलेल्या सारणीला वारंवारता सारणी म्हणायचे का, हा शेवटचा आक्षेप उरतो. माझे उत्तर असे की मोजलेल्या सारणीतही वर्गाच्या आतले काही मोजलेले उरत नाही. १०–२० या वर्गात ७ निरीक्षणे आहेत असे लिहिले की ती कुठे आहेत हे हरवते. ती वर्गमध्यापाशी किंवा सारखी पसरलेली धरूनच मध्य आणि मध्यक निघतात. ग्राँटने दोन माहीत टोकांमधली जागा गुणोत्तराने भरली, आपण वर्गाच्या दोन मर्यादांमधली जागा समान वाटपाने भरतो. म्हणून वर्गीकृत सारणीतून आलेला मध्य हा अंदाज असतो, आणि वर्गांतर बदलले की तोही बदलू शकतो. सूत्राच्या आधी ही गोष्ट शिकवली, तर सारणीतले काय मोजलेले आणि काय धरलेले हे विद्यार्थी स्वतःच विचारू लागेल.