गणकयंत्रातील ने-आण

वाचकहो, गणकयंत्र म्हटले की झटपट हिशेब करणारे यंत्र असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. मास्तरांनी फळ्यावर गुणाकार घालावा आणि हातातला खडू खाली ठेवण्याच्या आत उत्तर यावे! तेही खरेच आहे. परंतु या यंत्राचा बराचसा वेळ आणि बरीचशी वीज हिशेबात न जाता नुसत्या आकड्यांच्या ने-आणीत जाते, असे कोणी सांगितले तर ते चटकन पटायचे नाही.

उसाचे उदाहरण घेऊ. फड एकीकडे, कारखाना दहा मैलांवर, आणि मधली वाट एकाच गाडीपुरती. कारखान्यात चरक कितीही दणकट बसवा, गाड्या वाटेवर अडल्या की तो मोकळाच फिरणार. गणकयंत्रात आकडे साठविण्याची जागा, म्हणजे स्मृती, हा झाला फड. हिशेब करणारा भाग, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो कारखाना. दोहोंमधल्या तारा ही ती वाट.

ही मांडणी कागदावर आली जून १९४५ मध्ये. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात एनिअॅक नावाचे अवाढव्य यंत्र तयार होत होते. त्याच्या पुढच्या यंत्राचा, एडव्हॅकचा, मसुदा गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिला. (मसुद्यावर नाव पडले ते त्यांचे एकट्याचे. एकर्ट आणि मॉकली या यंत्रकर्त्यांचा त्यात मोठा वाटा होता, आणि ही गोष्ट त्यांना लागलीही. असो.) हिशेबाची कृतीसुद्धा आकड्यांसारखी स्मृतीतच ठेवायची, ही त्यातली थोर कल्पना. स्मृती निराळी आणि हिशेब निराळा, ही व्यवस्था तिच्याबरोबर आली. त्या काळी ती शहाणपणाचीच होती. हिशेबाला लागत काचेच्या महागड्या निर्वात नळ्या. साठवणीसाठी योजल्या होत्या पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या, आणि त्यांतून आकडे ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत राहत. दोहोंचा मालमसालाच वेगळा, मग घर एक कसे असणार? आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले आणि १९६० मध्ये पुरे झालेले टिफ्रॅक हेही याच घडणीचे. त्याच्या स्मृतीत तारांत ओवलेली बारीक चुंबकी कडी होती, आणि जागा अवघ्या २,०४८ संख्यांची. एवढ्याशा फडाला ती वाट पुरत असे.

पुढे फड वाढत गेला, चरकही वेगवान झाले. वाट मात्र त्या मानाने रुंदावली नाही. १९७७ मध्ये जॉन बॅकस यांनी, फोर्ट्रान भाषेच्या जनकांनी, एका गाजलेल्या व्याख्यानात या वाटेला बाटलीच्या गळ्याची उपमा दिली. कारखान्याच्या आवारात थोडा ऊस आधीच आणून ठेवावा, तशी प्रोसेसरशेजारी लहानशी जलद स्मृती ठेवण्याची युक्ती त्यापूर्वीच निघाली होती. तिने पुष्कळ निभावून नेले. पण ज्या कामात तोच आकडा पुन्हा लागत नाही, तिथे आवारातला साठा काय कामाचा?

मग गुऱ्हाळच फडात का नेऊ नये? ही कल्पना काल-परवाची नव्हे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेचे विल्यम काउट्झ यांनी १९६९ मध्येच ती मांडली होती. स्मृतीच्या प्रत्येक घराला थोडी अक्कल द्यावी, म्हणजे संख्या जागच्या जागी आपण होऊन क्रमाने लागतील, असा त्यांचा आराखडा होता. तरी ही कल्पना बाजारात यायला पन्नास वर्षे लागली. माझ्या मते याचे कारण तंत्रात जितके, तितकेच व्यापारातही होते. स्मृती बनविणारे कारखाने स्वस्ताई आणि दाटी साधत. प्रोसेसर बनविणारे वेग साधत. एकाची भट्टी दुसऱ्याला चालत नसे. शिवाय प्रोसेसर दर दोन-तीन वर्षांनी आपोआप जलद होत होते, तेव्हा घडी मोडायची गरज कोणाला वाटणार?

गरज लावली विजेने. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये दाखविले की एका साध्या बेरजेला लागते त्याच्या काही हजार पट ऊर्जा तो आकडा मुख्य स्मृतीतून आणायला लागते. २०१८ मध्ये फोनसारख्या साधनांवरील नेहमीच्या कामांची तपासणी झाली, तेव्हा ६२.७ टक्के ऊर्जा या वाहतुकीत गेलेली आढळली. माणसासारखे शब्द जुळविणारी आजची यंत्रे तर एकेका शब्दासाठी कोट्यवधी आकडे लांबून आणतात, प्रत्येकावर एक गुणाकार, एक बेरीज करतात, आणि सोडून देतात. पंपाला वीज पाळीपाळीने मिळणाऱ्या माणसाला यातली उधळपट्टी वेगळी सांगायला नको.

आता स्मृतीतच हिशेब होतो तरी कसा? विवेक शेषाद्री, ओनुर मुतलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविलेली युक्ती शाळेत मुलांना सांगण्याजोगी आहे. स्मृतीच्या घरात विजेचा भार असला तर १, नसला तर ०. एका तारेवरची तीन घरे एकदम उघडली, तर तारेवर बहुमत उमटते. तीन पंचांचा निवाडा म्हणा ना! तिसरा पंच कायम ‘नाही’ म्हणणारा बसविला, तर उरलेले दोघेही ‘हो’ म्हणतील तेव्हाच ठराव होईल. तो कायम ‘हो’ म्हणणारा असला, तर दोघांपैकी एकाचा होकार पुरतो. ‘आणि’ व ‘किंवा’ या तर्काच्या दोन क्रिया अशा जागीच झाल्या. तिसरी ‘नाही’ ही क्रियाही त्यांनी साधली. या तिन्हींवर सारा हिशेब उभारता येतो.

बाजारात मात्र जरा साधी वाट चालली. फ्रान्समधील अपमेम कंपनीने २०१९ मध्ये स्मृतीच्या प्रत्येक चकतीत आठ चिमुकले प्रोसेसर बसविले, तर सॅमसंगने २०२१ मध्ये थर रचलेल्या स्मृतीत असेच हिशेबी भाग घातल्याचे जाहीर केले. अडचणी आहेतच. अपमेमच्या एका गुऱ्हाळाला शेजारच्या गुऱ्हाळाशी परस्पर बोलता येत नाही. निरोप कारखान्यामार्फतच जातो. म्हणून ज्या हिशेबाला चार फडांचा माल एकत्र लागतो, तिथे गाड्या जुंपाव्याच लागतात. कोणते काम फडात करायचे आणि कोणते कारखान्याकडे धाडायचे, हे अजून बहुतेक वेळा कार्यक्रम लिहिणाऱ्या माणसालाच बसून ठरवावे लागते.