पाइक मासेमारी

पाइक मासेमारी म्हणजे गोड्या पाण्यातील पाइक या शिकारी माशाला गळकाठी, दोरी आणि आमिष यांच्या साहाय्याने पकडण्याचा छंद व क्रीडाप्रकार होय. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक देशांत तो प्रचलित आहे. या लेखात प्रामुख्याने ब्रिटन व आयर्लंड येथील पद्धतींचा विचार केला आहे. ब्रिटनमध्ये हौशी मासेमारांनी पकडलेला पाइक बहुधा जिवंत पाण्यात परत सोडला जातो. त्यामुळे मासा गळाला लागणे हे काम अर्धेच मानले जाते. तो धडधाकट अवस्थेत परत जाणे हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय. दिसायला उग्र असलेला हा मासा पाण्याबाहेर काढल्यावर नाजूक ठरतो. साधनांची निवड आणि हाताळणीचे संकेत या वस्तुस्थितीवर आधारलेले आहेत.

नाव

इंग्रजीत 'पाइक' म्हणजे पायदळाचा लांब भाला. माशाच्या निमुळत्या, टोकदार तोंडावरून हे नाव पडले. 'सेवक' या अर्थाच्या मराठी 'पाईक' शब्दाशी त्याचा संबंध नाही. माशाचे शास्त्रीय नाव एसॉक्स लुसियस असे आहे. भारतीय नद्यांत हा मासा नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

माशाची ओळख

पाइकचे शरीर लांबट, रंग हिरवट व त्यावर फिकट ठिपके असतात. पाठीवरचा पर शेपटीजवळ असल्यामुळे त्याला जागच्या जागी स्थिर राहून एकाएकी झेप घेता येते. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून तो भक्ष्यावर तुटून पडतो. जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा असतो. खालच्या जबड्यात मोठे सुळ्यांसारखे दात, तर टाळूवर मागे वळलेले असंख्य बारीक दात असतात. एकदा पकडलेले भक्ष्य त्यामुळे सहसा निसटत नाही.

मादी नरापेक्षा बरीच मोठी होते. साडेचार किलोंहून (१० पौंड) अधिक वजनाचे पाइक जवळजवळ सर्व माद्याच असतात. वसंत ऋतूच्या सुरुवातीला माद्या उथळ पाण्यातील वनस्पतींवर अंडी घालतात. मोठा पाइक मारला गेल्यास बहुधा अनेक वर्षे वाढलेली, भरपूर अंडी देणारी मादी नष्ट होते.

पाइक आपल्याच जातीची लहान पिल्लेही खातो. मोठे मासे तळ्यातून काढून टाकल्यास लहान पाइकांवरचा हा नैसर्गिक अंकुश नाहीसा होतो आणि त्यांची संख्या वाढू शकते. अन्य मासे वाचवण्यासाठी मोठे पाइक मारण्याचा उपाय अशा वेळी उलटा पडतो.

इतिहास

आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द कम्प्लीट अँग्लर' या ग्रंथात पाइकचा विस्ताराने उल्लेख आहे. त्या काळापासून पुढे दीर्घकाळ पाइक हा खाण्यासाठी पकडण्याचा मासा होता. तो आमिष पूर्ण गिळून पोटात नेईपर्यंत थांबण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. असा मासा जिवंत सुटण्याचा प्रश्नच नसे. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड जार्डिन यांच्या नावाने ओळखली जाणारी दोन गळांची जोडणी लोकप्रिय झाली. आमिषाच्या अंगावरच गळ असल्यामुळे मासा ते तोंडात धरताच दोरी ताणणे या जोडणीमुळे शक्य झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मासा उचलण्यासाठी 'गॅफ' नावाचा अणकुचीदार आकडा आणि जबडा फाकवून धरण्यासाठी 'गॅग' नावाची स्प्रिंग सर्रास वापरली जाई. दोन्ही साधनांनी माशाला जखमा होत. शिवाय ट्राउट माशांच्या पाण्यात पाइक हा उपद्रवी मानून मारला जात असे. १९७७ साली स्थापन झालेल्या 'पाइक अँग्लर्स क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन' या संस्थेने पाइकच्या संरक्षणाचा आणि योग्य हाताळणीचा प्रचार केला. आता गॅफ व गॅग ही दोन्ही साधने मागे पडली आहेत.

पाइकविषयीच्या बदललेल्या दृष्टीचे उदाहरण म्हणून ट्राउटसाठी प्रसिद्ध असलेल्या जलाशयांचा उल्लेख करता येतो. १९९२ साली वेल्समधील लॅन्डेगव्हेथ जलाशयात ४६ पौंड १३ औंस (सुमारे २१.२ किलो) वजनाचा पाइक पकडला गेला आणि तो ब्रिटनमधील विक्रम ठरला. २०२४ साली इंग्लंडमधील च्यू व्हॅली तलावातील ४७ पौंड ५ औंस (सुमारे २१.५ किलो) वजनाच्या माशाने तो मोडला. एके काळी ज्या प्रकारच्या पाण्यात पाइक नकोसा होता, तेथेच आता त्याच्यासाठी मासेमार परवाने घेऊन येतात.

साधनांची निवड

हलक्या साधनांनी मोठा मासा पकडण्यात अधिक कौशल्य आहे असा एक समज आढळतो. पाइकच्या बाबतीत तो घातक ठरतो. दुबळ्या साधनांमुळे झुंज लांबते व मासा थकून जातो. थकलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि सोडल्यानंतरही तो दगावू शकतो. दोरी तुटल्यास मासा गळ तोंडात घेऊन निघून जातो. या कारणांसाठी साधने प्रत्यक्ष गरजेपेक्षा थोडी भक्कमच निवडली जातात.

गळकाठी व रीळ: मृत आमिषाने मासेमारी करताना सुमारे ३.३ ते ३.६ मीटर (११ ते १२ फूट) लांबीची काठी वापरतात. काठीचे बळ 'टेस्ट कर्व्ह' या मापाने सांगितले जाते. काठीचे टोक बुंध्याशी काटकोनात वाकवण्यास जेवढे वजन लागते, तेवढा तिचा टेस्ट कर्व्ह असतो. पाइकसाठी तो साधारणपणे अडीच ते तीन पौंड असावा लागतो. कृत्रिम आमिष वारंवार फेकायचे असल्यास आखूड व हलकी काठी सोयीची पडते. रिळाचा ब्रेक, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणारी यंत्रणा, विनाअडथळा चालणे महत्त्वाचे असते.

दोरी: एकपदरी नायलॉन दोरी (तंगूस) वापरल्यास तिची ताणक्षमता किमान १५ पौंड (सुमारे ६.८ किलो) असावी असे मानले जाते. विणलेली दोरी तेवढ्याच जाडीत कितीतरी अधिक ताण सहन करते. परंतु ती जवळजवळ ताणली जात नाही आणि खडकावर घासल्यास लवकर तुटते. जड आमिष फेकताना अचानक बसणाऱ्या हिसक्यानेही ती तुटू शकते. म्हणून मृत आमिषासाठी ५० पौंड (सुमारे २२.७ किलो) क्षमतेची विणलेली दोरी सुचवली जाते.

तारेचा ट्रेस: दोरी व गळ यांच्यामधील पोलादी तारेच्या तुकड्याला 'ट्रेस' म्हणतात. पाइकचे दात साधी दोरी सहज कापतात. त्यामुळे हा तुकडा अनिवार्य समजला जातो. मृत आमिषासाठी त्याची लांबी किमान ४५ ते ५० सेंटीमीटर आणि ताणक्षमता सुमारे २८ पौंड (१२.७ किलो) किंवा अधिक असते. पीळ पडलेली किंवा मुडपलेली तार कमजोर होते, म्हणून ती पुन्हा वापरली जात नाही. काही मासेमार तारेऐवजी जाड फ्लुरोकार्बन दोरी वापरतात. मात्र तीही दातांनी कापली जाऊ शकते.

गळ: पाइकसाठी बहुधा तीन टोकांचे गळ वापरतात. गळाच्या टोकामागील उलट्या काट्यामुळे तो मांसात रुतून बसतो. हा काटा पकडीने चेपून टाकला, किंवा मुळातच काटा नसलेला गळ घेतला, तर तो सहज निघतो आणि जखम लहान राहते. आमिष टिकून राहावे म्हणून काही मासेमार तीन टोकांपैकी आमिषात खुपसायच्या एकाच टोकाचा काटा शिल्लक ठेवतात.

आमिष: मृत आमिष म्हणून मॅकरेल, हेरिंग, सार्डिन असे समुद्री मासे वापरले जातात. मॅकरेल हा आपल्याकडील बांगड्याच्या कुळातील, तर सार्डिन हा तारलीच्या जवळचा मासा आहे. तेलकट माशांचा वास पाण्यात दूरवर पसरतो. कृत्रिम आमिषांत चमचाकृती धातूचे पत्रे, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे मासे आणि मऊ रबरी आकार येतात. ती सतत ओढली जात असल्याने मासा बहुधा जबड्याच्या कडेलाच अडकतो. जिवंत माशांचा आमिष म्हणून वापर स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये निषिद्ध आहे. एका जलाशयातील मासे दुसऱ्या जलाशयात नेल्यास रोग व परक्या जाती पसरण्याचा धोका असतो.

किनाऱ्यावरील साधने: पुढील साधने हाताशी असल्याखेरीज गळ पाण्यात टाकू नये, असा संकेत आहे.

• रुंद तोंडाचे, गाठी नसलेल्या जाळीचे हातजाळे. त्याच्या बाह्या सुमारे एक मीटर लांबीच्या असतात.
• मासा ठेवण्यासाठी जाड, मऊ गादी.
• २५ ते ३० सेंटीमीटर लांबीचा चिमटा.
• गळ कापता येईल अशी लांब दांड्याची पक्कड.
• वजनकाटा आणि मासा आडवा मावेल अशी वजन करण्याची झोळी.

आमिष घेतल्याची खूण ओळखणे

पाइकला होणारी सर्वांत गंभीर इजा म्हणजे गळ घशात किंवा पोटात जाणे. आमिष घेतल्याचे उशिरा लक्षात आल्यास हा प्रसंग ओढवतो. म्हणून तरंगती खूण किंवा काठीच्या मागे लावलेला दर्शक वापरतात. मासा दोरी पुढे ओढो वा आमिष घेऊन किनाऱ्याकडे येवो, दोन्ही हालचाली दाखवणारा दर्शक उपयुक्त असतो. दोरी सैल सोडलेली असल्यास मासा किनाऱ्याकडे येत असल्याचे कळत नाही. खूण मिळताच सैल दोरी गुंडाळून लगेच ताण दिला जातो. काठ्या सोडून दूर जाणे किंवा लक्ष ठेवता येणार नाही इतक्या काठ्या लावणे बेजबाबदारपणाचे मानले जाते.

मासा हाताळण्याची पद्धत

मासा जाळ्यात आल्यावर शक्य असेल तर पाण्यातच गळ काढला जातो. अन्यथा ओल्या गादीवर त्याला उताणे ठेवतात. हात ओले असणे आवश्यक असते, कारण कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या कडेने बोटे हळूच सरकवून हनुवटीच्या हाडापर्यंत नेली व जबडा उचलला की तोंड आपोआप उघडते. बोटांचा स्पर्श लाल कल्ल्यांना होऊ द्यायचा नसतो. तेथील दुखापतीने रक्तस्राव होतो. त्यानंतर ट्रेस हलका ताणून चिमट्याने गळ उलट्या दिशेने फिरवला की तो सुटतो. गळ खोल असल्यास कल्ल्यांच्या बाजूने काळजीपूर्वक चिमटा नेतात किंवा पक्कडीने गळाचे तुकडे करतात. झटापट करून ओढणे टाळले जाते.

वजन व छायाचित्र घ्यायचे असल्यास सर्व तयारी आधी केली जाते आणि मासा गादीच्या वर, जमिनीलगत धरला जातो. हातातून सुटला तरी त्याला आपटण्याची इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. केवळ जबड्याला धरून जड मासा उभा लटकवल्यास त्याच्या सांध्यांवर व आतील अवयवांवर ताण येतो. सोडताना मासा पाण्यात सरळ धरून ठेवतात. वाहत्या पाण्यात त्याचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला ठेवतात. तो स्वतःच्या बळावर पोहून जाईपर्यंत आधार काढला जात नाही. पाइकला पुढेमागे जोरात हलवणे उपयोगाचे नसते.

हंगाम

कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि त्याच वेळी माशाची त्याची गरज वाढलेली असते. उन्हाळ्यात झुंजीनंतर पाइक दगावण्याचा संभव त्यामुळे अधिक असतो. ब्रिटनमधील अनेक मासेमार ऑक्टोबर ते मार्च या थंड काळातच पाइकच्या मागे जातात आणि काही जलाशयांचे नियमही तसेच आहेत. कडक उन्हाळ्याच्या दिवसांत मासेमारी थांबवणे हा जबाबदार वर्तनाचा भाग समजला जातो.

कायदे

इंग्लंड व वेल्समध्ये १३ वर्षे व त्यावरील व्यक्तीला गळाने मासेमारी करण्यासाठी परवाना लागतो. नद्यांमध्ये १५ मार्च ते १५ जून हा बंदीचा काळ असतो. इंग्लंडमधील नद्यांतून एका व्यक्तीला दिवसाला ६५ सेंटीमीटरपर्यंतचा एकच पाइक नेता येतो आणि त्यासाठीही मासेमारीच्या हक्काच्या मालकाची संमती लागते. आयर्लंडमध्ये २००६ च्या उपविधीनुसार दिवसाला एकच पाइक ठेवता येतो व त्याची लांबी ५० सेंटीमीटरपेक्षा अधिक चालत नाही. दोन्ही नियमांत मोठ्या माशांना संरक्षण आहे. अनेक माशांच्या बाबतीत केवळ किमान लांबी ठरवलेली असते. येथे कमाल लांबी ठरवून अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या वाचवल्या आहेत.

मतभेद

पकडून सोडण्याची ही प्रथा सर्वमान्य नाही. खाण्यासाठी नसलेल्या माशाला केवळ करमणुकीसाठी गळाला लावणे अनैतिक आहे, असा प्राणिहितवाद्यांचा आक्षेप आहे. स्वित्झर्लंडमध्ये मुळातच सोडून देण्याच्या हेतूने मासे पकडण्यास कायद्याने मनाई आहे. फ्रान्समधील ल्यों शहरात पाइकच्या मांसाचे 'कनेल' हे पक्वान्न प्रसिद्ध आहे आणि फिनलंडमध्येही हा मासा खाल्ला जातो. तेथे पकडलेला मासा खाणे स्वाभाविक समजले जाते.

उलट पक्षाचे म्हणणे असे की, पाइकला मोल आल्यामुळेच त्याची सरसकट कत्तल थांबली आणि ज्या पाण्यात तो राहतो त्याच्या प्रदूषणाविरुद्ध आवाज उठवणारा एक वर्ग तयार झाला. मात्र सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्याच्या जगण्याचा संभव पाण्याचे तापमान, गळ अडकल्याची जागा, झुंजीचा कालावधी आणि पाण्याबाहेर गेलेला वेळ यांवर अवलंबून असतो. यांपैकी पाण्याचे तापमान मासेमाराच्या हाती नसले, तरी त्या दिवशी गळ टाकायचा की नाही हे तो ठरवू शकतो. उरलेल्या तीन गोष्टी त्याची साधने व त्याचे लक्ष यांवर ठरतात.