पिवळे रेशीम आणि दारूगोळा

१७७१ साली पीटर वुल्फ या रसायनज्ञाने निळीवर नायट्रिक आम्लाची क्रिया घडवून जे पिवळे द्रव्य मिळविले, ते रेशमावर उत्तम चढत असे. त्यानंतर सुमारे शतकभर या द्रव्याची, म्हणजे पिक्रिक आम्लाची, कीर्ती रंगाऱ्यांच्या कारखान्यांपलीकडे फारशी गेली नाही. १८७३ मध्ये श्प्रेंगेलने त्याचा स्फोट घडवून आणता येतो हे दाखविले, १८८५ मध्ये फ्रान्सच्या त्युर्पँने ते तोफगोळ्यांत भरण्याची सनद घेतली, आणि मग इंग्लंड, जपान वगैरे दरबारांनी तेच द्रव्य निरनिराळ्या नावांनी आपापल्या तोफखान्यांत दाखल केले.

या द्रव्याचा खरा दोष त्याच्या आम्लपणात होता. शिसे, लोखंड अशा धातूंशी त्याचा संयोग झाला की जे क्षार बनतात, ते मूळ आम्लाहून कितीतरी अधिक संवेदनशील असून किरकोळ आघातानेही भडकतात. १८८७ साली मँचेस्टरजवळच्या एका रंगाच्या कारखान्याला आग लागली असता वितळलेले पिक्रिक आम्ल मुरदाडशिंगीला, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडला, जाऊन भिडले आणि भयंकर स्फोट झाला. तोवर निरुपद्रवी व्यापारी माल म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाई, त्याच्या बंदोबस्ताची निकड सरकारला तेव्हा पटली. गोळ्यांना आतून रोगणाचा लेप देण्याची आणि शिसेयुक्त रंग वर्ज्य करण्याची दक्षता घ्यावी लागे, ती याच भयापोटी.

टीएनटी या दुसऱ्या स्फोटकाने ही अडचण दूर केली. व्हिलब्रांटने १८६३ मध्ये तयार केलेले हे संयुगही प्रथम पिवळा रंग म्हणूनच ओळखले गेले. परंतु ते धातूला अपाय करीत नाही आणि सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने निर्धास्तपणे ओतता येते, म्हणून १९०२ पासून जर्मन सैन्याने ते स्वीकारले. त्याची किंमत पहिल्या महायुद्धात गोळे भरणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांनी मोजली: त्यांची कातडी पिवळी पडे, आणि कित्येकींचा यकृत बिघडून मृत्यू झाला. युद्धांच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात, या स्त्रियांची येत नाहीत, हे मला अन्यायाचे वाटते.

या स्फोटकांचे अवशेष माती-पाण्यात दीर्घकाळ टिकतात, आणि पुरलेले सुरुंग तर माणसांच्या पायाखालीच असतात. म्हणून त्यांचा माग काढण्याची विद्या आवश्यक झाली. अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश परत देणाऱ्या द्रव्यांच्या अंगी असलेला गुण, ज्यास प्रतिदीप्ती म्हणतात, तो येथे उपयोगी पडला. नायट्रो-गटांमुळे या संयुगांचे वलय इलेक्ट्रॉनांचे भुकेले असते. ते उत्तेजित इलेक्ट्रॉन हिरावून घेते आणि चकाकी मालवते. १९९८ मध्ये अमेरिकेत स्वेगर यांनी बहुवारिकाच्या पातळ थरावर टीएनटीची वाफ या रीतीने पकडली. पुढे जस्त, कॅडमियम यांचे अणू कार्बनी दुव्यांनी जोडून सच्छिद्र जाळ्या रचल्या जाऊ लागल्या: धातूंशी होणाऱ्या ज्या संयोगाची कारखानदारांनी एके काळी धास्ती घेतली होती, तो विसरून आता धातूंनाच पहाऱ्यावर बसविले गेले. मात्र चकाकी मंदावली की शोध लागलाच, असे मानणे घाईचे ठरते. पिक्रिक आम्ल स्वतःच अतिनील किरण शोषीत असल्याने दिवा नुसताच झाकला जाऊन फसगत होऊ शकते.

खडकीला ब्रिटिश अमदानीपासून दारूगोळा बनविणाऱ्या पुण्यातही हे काम झाले आहे. तेथील आयसर संस्थेत सुजित घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कॅडमियमची अशी एक जाळी प्रसिद्ध केली, जी इतर नायट्रो-संयुगे हजर असतानाही पिक्रिक आम्लालाच निवडून प्रतिसाद देते.